जुन्या विज्ञानकथासंग्रहांची मुखपृष्ठं अशी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी पुढच्याच खोलीत एक लोखंडी मांडणी आहे. तिच्यावर १९४० ते १९८० या काळातले इंग्रजी विज्ञानकथांचे संग्रह आहेत, म्हणजे एकाच पुस्तकात अनेक लेखकांच्या कथा असलेले. गेल्या तीस-बत्तीस वर्षांत पुण्यातल्याच फुटपाथांवरून आणि रद्दीच्या दुकानांतून मी ते एकेक करून जमवले. घरी येणारा जवळपास प्रत्येक जण त्यांची मुखपृष्ठं बघून तेच ते प्रश्न विचारतो, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे. मी कमर्शियल आर्ट शिकले, काही वर्षं एका ब्लॉकमेकरकडे, म्हणजे छपाईचे धातूचे ठसे बनवणाऱ्याकडे, काम केलं आणि नंतर शाळेत चित्रकला शिकवली. त्यामुळे ही उत्तरं चित्रकाराच्या बाजूला झुकलेली आहेत.

ही चित्रं मुळात इतकी विचित्र का?

कादंबरीचं मुखपृष्ठ करणाऱ्याच्या हाताशी एखादा नायक असतो, एखादं ठिकाण असतं, निदान एक प्रसंग तरी असतो. संग्रहात बारा जणांच्या बारा कथा. एक मंगळावरची, एक यंत्रमानवाची, एकीत तर दोन माणसं एका खोलीत बसून नुसती बोलतात. त्यातल्या एकीचं चित्र काढलं तर उरलेल्या अकरा जणांवर अन्याय आणि सगळ्यांचं काढायला गेलं तर जत्रेतला पडदा. मग चित्रकार कुठल्याच कथेत नसलेलं काहीतरी काढतो. अधांतरी डोळा, केस नसलेलं डोकं, मागे एक ग्रह, खाली भेगाळलेली जमीन. मुखपृष्ठाला विषयच दिलेला नाही, हे या विचित्रपणाचं पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण.

आपल्याकडे हीच अडचण दिवाळी अंकांना होती. 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक १९०९ चा. तेव्हापासून आत कथा, कविता, राशिभविष्य, प्रवासवर्णन काहीही असो, वर पणती किंवा निरांजन घेतलेली स्त्री चालत आली. तिचा आतल्या मजकुराशी काय संबंध, असं कुणी विचारलं नाही, कारण ते चित्र म्हणजे 'सण आला' एवढं सगळ्यांना कळायचं. विज्ञानकथांच्या संग्रहाला अशी ठरलेली खूण नव्हती. हा प्रकारच नवा होता. डोनाल्ड वोलहाइमनं संपादित केलेला खिशात मावणारा पहिला संग्रह १९४३ चा आणि ग्रॉफ कॉंक्लिनचा पहिला जाडजूड संग्रह १९४६ चा. अग्निबाण काढला तर लोक पोरांचं पुस्तक समजतील, ही प्रकाशकांची धास्ती. मग काय काढायचं ते प्रत्येक चित्रकारानं आपापलं शोधलं आणि ते शोधणं या मांडणीवर उघड दिसतं.

चित्रकार कथा वाचत नसत का?

काही वाचत, पुष्कळांना वाचायला मिळतच नसत. पेपरबॅकच्या धंद्यात वेळ कमी आणि मोबदला ठरलेला. कित्येकदा आर्ट डायरेक्टर दोन वाक्यांत कल्पना सांगे आणि चित्रकार कामाला लागे. मासिकांमध्ये तर उलटंही चाले. संपादक आधी चित्र विकत घेऊन ठेवी आणि नंतर एखाद्या लेखकाला ते दाखवून त्यावर कथा लिहायला सांगे.

मी स्वतः यातून गेले आहे. १९८४ च्या सुमाराला एका प्रकाशकाकडून मराठी कथासंग्रहाचं मुखपृष्ठ करायचं काम आलं. हस्तलिखित दिलं नाही. "गूढ वाटलं पाहिजे, पण भुताखेताचं नको. दोन रंगांत बसवा. परवा सकाळी माणूस पाठवतो," एवढंच सांगणं. मी रात्रभर बसून एक उघडी खिडकी आणि तिच्या चौकटीवर कावळा काढला. पुस्तक आल्यावर लेखिकेनं मला विचारलं, "हा कावळा कुठल्या कथेतला हो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचा चेहरा अजून आठवतो. आठ वर्षांच्या तिच्या लिखाणावर मी एक परका पक्षी बसवला होता. तेव्हापासून कुठल्याही वाईट मुखपृष्ठाकडे बघताना मी आधी विचार करते, या माणसाला किती दिवस दिले असतील?

वितळलेले आकार, हाडांसारखी यंत्रं, जिकडेतिकडे तरंगणारे ठिपके. हे सगळं एकाच माणसाचं आहे का?

मांडणीच्या वरच्या दोन फळ्यांवरचं बरंचसं, हो. रिचर्ड पॉवर्स, अमेरिकन, जन्म १९२१, मृत्यू १९९६. बॅलन्टाइन हे प्रकाशन १९५२ मध्ये निघालं आणि पुढच्याच वर्षापासून पॉवर्स त्यांच्यासाठी मुखपृष्ठं करू लागला. त्याआधीच्या विज्ञानकथांच्या चित्रांत यंत्र म्हणजे यंत्र असे आणि राक्षस म्हणजे राक्षस. पॉवर्सनं ते सगळं बाजूला सारलं. इव्ह तांगी आणि रोबेर्तो मात्ता या अतिवास्तववादी चित्रकारांचा त्याच्यावर प्रभाव होता. तांगीच्या चित्रांत क्षितिज कुठे संपतं ते कळत नाही आणि जमिनीवर गुळगुळीत, नाव नसलेल्या वस्तू पडलेल्या असतात. पॉवर्सनं ती जमीन उचलून पस्तीस सेंटच्या पुस्तकावर आणली.

पहिल्यांदा बघणाऱ्याला ही चित्रं आजारी वाटतात. मलाही वाटली होती. पण एक करून बघा. पुस्तक हातभर लांब धरा आणि 'हे काय आहे' हा प्रश्न सोडून फक्त वजन बघा. जड आकार कुठे आहे, हलका कुठे, मधली पोकळी कुणाची. पॉवर्सची चित्रं तोलाला क्वचितच चुकतात. शिवाय संग्रहाची जी अडचण वर सांगितली, तिच्यावर मला माहीत असलेलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर त्याचंच आहे. बारा कथांमध्ये समान काय, तर अनोळखी जागी उभं असल्याची भावना. त्यानं तेवढीच रंगवली. हयातीत त्याला चाहत्यांचं प्रेम चमकदार अग्निबाण काढणाऱ्यांइतकं मिळालं नाही. विज्ञानकथेच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव गेलं ते २००८ मध्ये, तो गेल्यावर बारा वर्षांनी.

त्याची नक्कल करणाऱ्यांची पुस्तकंही मांडणीवर आहेत, त्यांची बाजू मी घेणार नाही. त्यांनी ठिपके उचलले, तोल उचलला नाही.

पेंग्विनची पुस्तकं तर नावाजलेली. त्यांच्यावर असं का?

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पेंग्विन या ब्रिटिश प्रकाशनाच्या मुखपृष्ठांची सूत्रं जेर्मानो फाचेत्ती या इटालियन माणसाकडे आली. तरुणपणी तो माउटहाउझेनच्या नाझी छळछावणीतून जिवंत बाहेर पडलेला. विज्ञानकथांसाठी मुद्दाम चित्रं काढून न घेता त्यानं आधुनिक चित्रकारांची तयार चित्रं वापरली. जे. जी. बॅलार्ड या लेखकाच्या 'द ड्राउन्ड वर्ल्ड' या कादंबरीच्या १९६५ च्या आवृत्तीवर चक्क तांगीचं चित्र आहे. म्हणजे अटलांटिकच्या एका बाजूला पॉवर्स तांगीकडून शिकत होता आणि दुसऱ्या बाजूला फाचेत्ती तांगीलाच बोलावत होता. ब्रायन ऑल्डिसनं संपादित केलेल्या पेंग्विनच्या तीन संग्रहांचा काळही हाच, १९६१ ते १९६४.

दशक संपता संपता फ्रांको ग्रिन्यानीची काळी, पिळवटलेली मुखपृष्ठं आली. काचेतून, पाण्यातून बघितल्यासारखे ओढलेले आकार. तुमच्या लोकरी स्वेटरच्या लेबलावर वूलमार्कची गुंडाळी असते ना, ती याच माणसाची, असं बहुतेक जाणकार मानतात. ती गुंडाळी बघायची आणि मग ही मुखपृष्ठं, म्हणजे हात एकच आहे हे कळतं. ती अनाकर्षक आहेत हे मला मान्य नाही. लहान आकारात, स्वस्त कागदावर, अंधाऱ्या दुकानात ती मातीमोल दिसतात, एवढंच.

या पिवळ्यांवर तर चित्रच नाही.

ती व्हिक्टर गोलान्झ या लंडनच्या प्रकाशनाची. पिवळं वेष्टन आणि त्यावर मोठी अक्षरं. ही पद्धत बसवली स्टॅनली मॉरिसननं, तोच ज्याच्या देखरेखीखाली टाइम्स न्यू रोमन हा टाइप घडला. दुकानाच्या दुसऱ्या टोकावरून ओळखू यावं हा हेतू आणि तो साधला. चित्र नसल्यामुळे फसवणूकही नाही.

चेहरे निळे-हिरवे का पडलेत? परग्रहावरचे म्हणून?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण याचं अर्धं उत्तर अमेरिकेत आहे आणि अर्धं आपल्या फुटपाथवर.

छापील रंगीत चित्र चार शायांचं असतं: निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी. उन्हात किरमिजी आणि पिवळी आधी उडतात, निळी आणि काळी टिकतात. माणसाच्या कातडीचा रंग बहुतेक किरमिजी आणि पिवळ्याचाच बनतो. तेव्हा वर्षभर उन्हात मांडलेल्या पुस्तकावरचा चेहरा हळूहळू प्रेताचा होत जातो. चित्रकारानं काढलेली गुलाबी गालांची अंतराळवीर मुलगी माझ्याकडे येईपर्यंत बुडून मेलेल्या बाईसारखी झालेली होती. हे मला कळलं ते योगायोगानं. त्याच पुस्तकावर दुसरं लहान पुस्तक बरीच वर्षं पडून राहिलेलं असावं, कारण खालचा चौकोन ताजा होता. त्या चौकोनात तिचा एक खांदा, जिवंत रंगाचा.

तेव्हा कुठल्याही मुखपृष्ठाला कुरूप म्हणण्याआधी मागची दुमड किंवा वेष्टनाची आतली पट्टी बघा. तिथे मूळ रंग सापडतो. दुसरी गोष्ट, भिंगातून रंगांच्या कडा बघा. लाल रंग रेषेबाहेर सरकलेला दिसला तर छपाईत रजिस्ट्रेशन आउट होतं. ओठ हनुवटीवर आले असतील तर त्यात चित्रकाराचा दोष नाही. आमच्या ब्लॉकमेकरकडे अशा फर्म्यांवरून मालक आणि छापखानेवाले यांची रोज वादावादी व्हायची.

तोकड्या कपड्यांतल्या बायका आणि त्यांना धरणारे राक्षस यांचं काय?

ती मुखपृष्ठं खरोखरच वाईट आहेत आणि त्यांचं समर्थन मी करत नाही. हा वारसा मासिकांचा. १९४० च्या दशकात अर्ल बर्गीनं धातूच्या चोळीतल्या बायका इतक्या रंगवल्या की विज्ञानकथेला तीच ओळख चिकटली. बाजूला उभा पुरुष मात्र पूर्ण अंतराळपोशाखात. निर्वात पोकळीत एकालाच श्वास घ्यायची गरज का, हे माझ्या आठवीतल्या एका विद्यार्थिनीनं विचारलं होतं. आतल्या कथांत बहुधा असं काही नसतं, हे वाचकानं लक्षात ठेवावं.

सगळ्यात जुनी चित्रं बरी वाटतात. ती कुणाची?

फ्रँक आर. पॉल. एप्रिल १९२६ मध्ये निघालेल्या 'अमेझिंग स्टोरीज' या मासिकाच्या पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ त्याचं. बर्फावर घसरणारी माणसं आणि मागे शनी. त्याचं शिक्षण वास्तुरचनेचं होतं, ते दिसतं. इमारती आणि यंत्रं ठाम, माणसं बाहुल्यांसारखी. माझ्याकडे त्याची पुनर्मुद्रणंच आहेत.

रशियन पुस्तकंही दिसतात. ती वेगळीच वाटतात.

वेगळीच आहेत. मॉस्कोच्या मीर प्रकाशनानं सोव्हिएत विज्ञानकथांचे इंग्रजी संग्रह काढले आणि ते आपल्याकडे सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनांतून अगदी स्वस्तात मिळायचे. माझ्या वयाच्या पुष्कळ पुणेकरांची विज्ञानकथेशी पहिली भेट अशीच झाली. त्यांची मुखपृष्ठं मोजक्या रंगांची, सपाट, कधी एखाद्या तांत्रिक पुस्तकासारखी. दुकानात ओढून घेणारं त्यात काही नाही, कारण ओढून घेण्याची गरजच नव्हती. अमेरिकेत पुस्तक औषधाच्या दुकानातल्या फिरत्या तारेच्या मांडणीवर, सिगारेट आणि मासिकांशेजारी उभं असे आणि त्याला ओरडावं लागे. मुखपृष्ठ कुठे उभं राहणार आहे यावरून त्याचा आवाज ठरतो.

मराठीत असं काही झालं का?

अनंत अंतरकरांच्या 'नवल'सारख्या मासिकानं मराठी वाचकाला अद्भुताची गोडी लावली आणि दलाल, मुळगावकर यांच्यासारख्या चित्रकारांनी मुखपृष्ठाचा डोळा घडवला. पण विज्ञानकथेसाठी वेगळी चित्रभाषा आपल्याकडे पूर्ण तयार झाली असं मला वाटत नाही. तबकडी, चाचणीनळी, अणूभोवतीची वर्तुळं यांवरच बरेचदा भागवलं गेलं. याचं मला वाईट वाटतं, कारण कथा त्याहून कितीतरी पुढे गेल्या होत्या.

इथे जयंत नारळीकरांची गोष्ट सांगायलाच हवी. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून हे नाव केलेलं. अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हातून लिहून घेतली. तिला पहिलं बक्षीस मिळालं. म्हणजे ओळखीचं वेष्टन काढून टाकून त्यांनी मजकूर परीक्षकांपुढे ठेवला. २० मे २०२५ ला पुण्यात ते गेले, त्या संध्याकाळी मी मांडणीपुढे बसून ती कथा पुन्हा वाचली.

पुण्यात ही पुस्तकं कुठे मिळतात?

बुधवार-रविवारचा जुना बाजार, कॅम्पातले आणि डेक्कनवरचे फुटपाथ, पेठांमधली रद्दीची दुकानं. अप्पा बळवंत चौकात मुख्यतः क्रमिक पुस्तकं, पण आतल्या गल्ल्यांत विचारून बघावं. ही इंग्रजी पुस्तकं पुण्यात आली कशी, याचा माग आतल्या शिक्क्यांवरून लागतो. कुठे लष्करी मेसच्या वाचनालयाचा शिक्का, कुठे जर्मन दुकानाचा. १९७४ मध्ये कोरेगाव पार्कात रजनीशांचा आश्रम सुरू झाल्यावर परदेशी माणसं मोठ्या संख्येनं येऊ लागली आणि जाताना वाचलेली पुस्तकं इथेच टाकून गेली. चांगल्या दिसणाऱ्या पुस्तकांना गिऱ्हाईक लगेच मिळे. ही मागे राहत, म्हणून मला मिळाली.

मुखपृष्ठ फाडलेलं पुस्तक घ्यावं का?

वाचायला घ्या. फक्त एक माहीत असू द्या. अमेरिकेत न खपलेली पेपरबॅक परत पाठवायचा खर्च वाचवण्यासाठी दुकानदार नुसतं मुखपृष्ठ फाडून प्रकाशकाकडे धाडत आणि पैसे परत घेत. उरलेलं पुस्तक नष्ट करायचं असे, पण पुष्कळदा ते मागच्या दारानं विकलं जाई. ज्या चित्राला आपण कुरूप म्हणतो, तेच पुस्तकाची पावती होतं.

ती टिकवायची कशी?

पुण्याच्या हवेत खरा शत्रू पावसाळा. जून ते सप्टेंबर बाहेरच्या भिंतीला लागून कपाट ठेवू नका, मधे चार बोटं जागा सोडा. कोरडा दिवस आला की दारं उघडी टाका. पुस्तकं दाटून लावू नका, काढताना कणा वरून ओढू नका, मधोमध धरा. सेलोटेप कधीच नको. काही वर्षांत तो पिवळा पडतो, डिंक कागदात मुरतो आणि रंगासकट निघतो. शाळेच्या वह्यांना घालतात ते मऊ प्लास्टिकही नको, उकाड्यात ते शाईला चिकटतं. कसरीसाठी वेखंडाची पुरचुंडी ठेवते. डांबरगोळी ठेवलीच तर पुस्तकाला टेकू देऊ नका.

आणि बाइंडिंग. १९९८ मध्ये कणे सुटलेली बावीस पुस्तकं मी एका बाइंडरकडे दिली. परत आली ती तपकिरी रेक्झिनमध्ये, आत मार्बल पेपर, शिवण उत्तम. मुखपृष्ठं नव्हती. विचारलं तर म्हणाला, "ताई, ती तर पहिल्या दिवशीच कापून काढली. रद्दीत गेली." त्याच्या कामाची तीच रीत आहे. जाड चकचकीत कागद शिवणीत बसत नाही, तो आधी काढावाच लागतो. सांगायला मी हवं होतं आणि मी सांगितलं नव्हतं. बावीसपैकी पाच तरी पॉवर्सची होती. आता मी प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानात चिठ्ठी ठेवते: "मुखपृष्ठ व मलपृष्ठ काढून आतल्या कोऱ्या पानावर खळीनं चिकटवावे." चांगला बाइंडर हे आनंदानं करतो. आपल्या कितीतरी वाचनालयांत अशाच तपकिरी पाठींच्या रांगा आहेत आणि त्यांची चित्रं कुणालाच आठवत नाहीत.

चित्रकार कोण हे कसं शोधायचं?

आधी चित्राचा खालचा कोपरा भिंगाखाली बघा, सही बरेचदा कापलेली पण अर्धी शिल्लक असते. मग कॉपीराइटचं पान, मग मलपृष्ठ. तिथे नसेल तर १९९५ पासून चालू असलेल्या इंटरनेट स्पेक्युलेटिव्ह फिक्शन डेटाबेसमध्ये पुस्तकाचं नाव आणि वर्ष घाला. तिथे आवृत्तीगणिक चित्रकाराची नोंद असते. तरीही काही नावं सापडत नाहीत, प्रकाशकानं छापलीच नाहीत म्हणून.

यातलं सगळ्यात कुरूप कोणतं?

खालच्या फळीवर, डावीकडून तिसरं. शेवाळी पार्श्वभूमी, प्लास्टरचं वाटावं असं डोकं, कान एकच आणि तोंडाच्या जागी घड्याळाचा काटा. अक्षरं नारिंगी. तोल चुकलेला, छपाई सरकलेली, रंग उडालेले. एवढे दोष एका ठिकाणी मी दुसरीकडे पाहिले नाहीत. जुन्या बाजारात एका बंद पडलेल्या मिक्सरच्या भांड्याखाली ते सापडलं. आत नऊ कथा आहेत, त्यातल्या दोन मी आजवर वाचलेल्या सगळ्यात चांगल्या कथांमध्ये धरते. पहिल्या पानावर निळ्या शाईनं मराठीत लिहिलेलं आहे: "वाचून झाल्यावर परत करणे. पुणे, १९७१." खाली सही, पाण्यानं फुटलेली. भिंगाखाली कितीदा बघितलं, आडनावाचं पहिलं अक्षर 'क' आहे की 'फ', ते ठरत नाही. म्हणून ते पुस्तक मी बाइंडिंगला दिलेलं नाही. ते मला परत करायचं आहे.